रंधा न मारलेली फळी

आमच्या धंद्यात फळी जपून ठेवायची पद्धत नाही. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत जो लाकडी आकार दाबतात, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि आम्ही ते पॅटर्न बनवायचो. पॅटर्न कापण्याआधी त्याचा पूर्ण मापाचा नकाशा पांढऱ्या लाकडाच्या रुंद फळीवर काढायचा. कागदावर नाही, कारण कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत सुकतो आणि माप इकडचं तिकडे होतं. पॅटर्न तपासून झाला की फळीवर रंधा मारायचा. रेघा गेल्या की त्याच फळीवर पुढचा नकाशा. एक फळी आठ-दहा नकाशे सोसायची. फारच पातळ झाली की तिच्या खुंट्या व्हायच्या.

ही पद्धत मी कोर्टात शपथेवर सांगितली. पद्धत खरी होती. मी मात्र खोटं बोललो.

नकाशे माझा भागीदार काढायचा आणि लाकूड मी कापायचो. त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. अंगाने तसाच होता, उंच आणि चपटा, आणि शर्टाच्या खिशात कायम आमच्या धंद्यातली खास पट्टी असायची. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी या पट्टीवरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. तिला आकसणीची पट्टी म्हणतात. फूटपट्टीला मुलगी झाली तेव्हा नर्सने बाळाची लांबी सांगितली, तर हा म्हणाला, "कुठल्या पट्टीनं मोजलीत?" नर्सने त्याला खोलीबाहेर काढलं.

मी शेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत अंगठा लावत होतो. त्याची लाज वाटायची नाही असं नाही, पण सवय झाली होती. वर्कशॉपमध्ये येणारं प्रत्येक पत्र तो वाचायचा, मी ऐकायचो. एकदा बँकेतून आम्ही दोघं परत आलो आणि माझ्या अंगठ्याला लागलेली शाई मी भुशाने पुसत होतो. तो बघत होता.

"मिस्त्री, बास झालं हे. अर्धा केस चुकत नाही तुझा हात, आणि पेन्सिल धरायला काय होतं? चावते का?"

"या वयात कशाला?"

"या वयात कशाला म्हणजे? अंगठा म्हातारा झाला की पुसट उठतो. मग काय करशील? पायाचा लावशील?"

त्या आठवड्यात बाकावर एका पंपाचा नकाशा होता. पंपाचं बाहेरचं अंग गोगलगायीच्या शंखासारखं वळत जातं, म्हणून त्या पॅटर्नला आम्ही गोगलगायच म्हणायचो. तो वळसा फूटपट्टीने स्वतः शोधला होता. अकरा वेळा काढला, अकरा वेळा पुसला. त्या वळशामुळे पाणी कमी खळखळून जास्त जोराने बाहेर पडायचं. तर ती फळी त्याने उलटी केली आणि वरच्या बाजूला एक ओळ लिहिली. म्हणाला, खाली असंच काढ. रेघ आहे असं समज, अक्षर समजू नकोस.

रोज काम संपल्यावर अर्धा तास. आधी अक्षरं, मग रंधा, करवत, पटाशी, खिळा, आणि शेवटी माझं नाव. नाव मी चौदा वेळा लिहिलं. नववं सरळ आलं. बाकीच्यांत एक तरी अक्षर कुठे ना कुठे पडलेलं होतं. गोगलगायीचा पॅटर्न झाला, तपासून झाला, तेव्हा तो म्हणाला, आता मार रंधा. मी म्हटलं, नाही मारणार.

"का?"

"मागे माझी अक्षरं आहेत."

"अरे, मग नकाशाच्या बाजूला मार."

"मग फळी पातळ होईल. वाकेल."

तो खूप हसला. "वेडा आहेस. शाळेतली पोरं पाटी पुसतात, हा जपून ठेवतोय." मी फळी घरी नेली. पलंगाची एक फळी मोडली होती, तिच्या जागी चपखल बसली. अक्षरं खाली, नकाशा वर. त्यावर गादी. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे नवऱ्याचं शिक्षण पलंगाखाली असतं आणि मी पंपावर झोपते."

त्यानंतर वीस वर्षं गेली. त्या वीस वर्षांतच फूटपट्टीचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण केसभर फरक दिसेना, आणि आमच्या कामात केसभरच बघायचं असतं. त्याने आपणहून वर्कशॉप सोडलं. मीही काही वर्षांनी मुलाच्या हाती दिलं. मुलगा कामाला चांगला आहे. ते मी आज रागानेसुद्धा नाकारणार नाही. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला त्याने गोगलगाय दाखवली. त्यांना ती आवडली. त्यांनी एकच अट घातली, या आकाराचा मालक कोण ते नोंदवलेलं पाहिजे, आणि मालक एकच पाहिजे, पुढे भानगड नको. मुलाने माझ्या नावावर नोंद केली. मला सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. मी मान हलवली. खरं सांगायचं तर, माझं नाव छापून येणार म्हटल्यावर बरं वाटलं. ज्या माणसाने चौदा वेळा गिरवून नाव शिकलेलं असतं, त्याला त्याचं फार अप्रूप असतं.

कंपनीचं माहितीपत्रक फूटपट्टीच्या हातात कसं पडलं ते माहीत नाही. तो ते घेऊन वर्कशॉपमध्ये आला. भिंग लावून वाचलं असणार, कारण त्या ओळीवर भिंगाच्या कडेचा घामट गोल उमटला होता.

"मिस्त्री, हे तू काढलंस?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "काका, कंपनीला एकच नाव लागतं. वर्कशॉप आमच्याकडे आहे, पॅटर्न आमच्याकडे आहे. तुम्ही बसा ना, चहा सांगतो."

"वर्कशॉप तुमचं, पॅटर्न तुमचा," तो म्हणाला. "रेघ माझी आहे."

आणि माझ्याकडे बघत राहिला. मी पटाशीला धार लावत होतो. तिला धारेची गरज नव्हती.

व्यापारातल्या भांडणांसाठी वेगळं न्यायालय आहे हे मला तेव्हा कळलं. तिथे सरळ दावा लावता येत नाही. आधी समोरासमोर बसून मिटतंय का ते बघावं लागतं, तसा नियमच आहे. आम्हाला एका खोलीत बोलावलं. टेबल गोल होतं. मध्यस्थ बाईंनी सांगितलं, गोल यासाठी की कोणी कोणाच्या समोर बसू नये. तरी फूटपट्टी माझ्या बरोब्बर समोर आला. गोल टेबलावरसुद्धा व्यास असतोच, असं तोच मला शिकवायचा.

तो म्हणाला, "मला दुसरं काही नको. दोन नावं लावा. आधी त्याचं लावा हवं तर."

मध्यस्थ बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. मुलाने टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. दोन नावं म्हणजे कंपनी गेली, आणि कंपनी गेली की वर्कशॉपमधली नऊ माणसं घरी, हे त्याने मला रस्ताभर समजावलं होतं. मी पाण्याच्या जगकडे बघत राहिलो. बाईंनी पंधरा मिनिटं वाट बघितली आणि कागदावर लिहिलं, समझोता झाला नाही. ते मी उलटं असूनही वाचलं. उलटं वाचायलाही मला त्यानेच शिकवलं होतं, गिऱ्हाइकाच्या टेबलावरचे कागद वाचता यावेत म्हणून.

मग दावा लागला.

आमची वकील तरुण होती, माझ्या धाकट्या भाचीएवढी. मला काका म्हणायची, पण कामाच्या बाबतीत कडक. पहिल्याच दिवशी तिने बोटांवर मोजत नियम सांगितले.

"काका, हे नेहमीचं कोर्ट नाही. आपलं लेखी म्हणणं तीस दिवसांत द्यायचं. फारच अडचण असली तर कारण दाखवून एकशेवीस दिवसांपर्यंत. एकशेएकविसाव्या दिवशी न्यायाधीशांनी मनात आणलं तरी ते घेता येत नाही. कळलं? दुसरं, आपल्याकडे जे जे कागद आहेत ते सगळे आत्ताच यादीत द्यायचे. मागाहून 'अहो, हा एक सापडला' चालत नाही. आणि सगळे म्हणजे सगळे. आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्ध जाणारेसुद्धा."

"विरुद्ध जाणारे आपणच द्यायचे?" मुलगा हसला. "मग त्यांचा वकील काय करणार?"

"ते त्यांचं ते बघतील. आणि कागद म्हणजे फक्त कागद नाही. फोनमधलं, कापडावरचं, लाकडावरचं, ज्याच्यावर काही लिहिलंय, काढलंय ते सगळं. शेवटी काकांना सही करायची आहे की हे सगळं मी वाचलं, हे खरं आहे, आणि मी काहीही लपवलेलं नाही." तिने वही उघडली. "त्यांनी दाव्यात लिहिलंय की मूळ नकाशा एका फळीवर होता, त्यांच्या हातचा, तारखेसकट, आणि ती फळी तुमच्याकडे राहिली. आहे का?"

मुलगा पटकन म्हणाला, "फळ्या आम्ही ठेवतच नाही. रंधा मारतो. पद्धत आहे. कोणालाही विचारा."

"मी काकांना विचारतेय."

मुलाला पलंगाची गोष्ट माहीत होती. त्याच पलंगावर तो लहानपणी तापात पडून असायचा. तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता. मला त्या नऊ माणसांची तोंडं दिसली. आणि माहितीपत्रकावरचं माझं नावही दिसलं, ते लपवत नाही.

"पद्धत आहे," मी म्हणालो. "रंधा मारतो."

"म्हणजे ती फळी नाही."

"नाही."

सगळं टाइप होऊन आलं तेव्हा एकवीस पानं होती. ती म्हणाली, वाचून दाखवू का? मी म्हटलं, मला वाचता येतं. अख्खी दुपार लागली. ती शेजारच्या टेबलावर दुसरं काम करत होती आणि अधूनमधून माझ्याकडे कौतुकाने बघत होती. म्हाताऱ्याने किती मनावर घेतलंय, असं तिला वाटत असणार. चौदाव्या पानावर फळीवर रंधा मारल्याचं वाक्य होतं. मी ते दोनदा वाचलं. मग शेवटच्या पानावर, जिथे 'काहीही लपवलेलं नाही' असं होतं, तिथे सही केली. सरळ आली. एक अक्षर पडलं नाही.

या कोर्टात पहिल्याच तारखेला पुढच्या सगळ्या तारखा ठरवतात. अमुक दिवशी एकमेकांचे कागद मान्य-अमान्य करायचे, अमुक दिवशी साक्ष, अमुक दिवशी शेवटचं बोलणं. वकीलबाईंनी तो तक्ता भिंतीला लावला होता. मी तो वाचला आणि मनात हसलो. माझ्या सासऱ्यांनी बांधावरून लावलेला दावा मेव्हण्याच्या मुलाच्या हातून संपला होता. सासरे तर केव्हाच गेले. कोर्टातली तारीख म्हणजे सांगायला असते, पाळायला नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्यामुळे मनात एक जागा मी मोकळी ठेवली होती. एकदा कंपनीचा पहिला माल जाऊ दे, माणसांचं चाक फिरू दे, मग मी बाईंना सांगेन की फळी सापडली. तोवर कुठे काय होतंय.

साक्षीच्या दिवशी फूटपट्टी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खिशात पट्टी होती. दारावरच्या शिपायाने ती काढून ठेवायला सांगितली, तर म्हणाला, "ही नसली तर मी वाकडा उभा राहतो." शिपायाने हसून राहू दिली.

माझी साक्ष आधीच झाली होती, रंधा मारला असं मी तिथेही सांगितलं होतं. आमच्या वकीलबाईंनी त्याला विचारलं, "नकाशा काढलेल्या फळीवर नंतर रंधा मारतात, ही तुमच्या धंद्याची पद्धत आहे, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे ही फळीही त्याच पद्धतीने गेली असणार?"

"ही नाही," तो म्हणाला. "हिच्यावर रंधा मार असं मी स्वतः सांगितलं होतं. त्यानं मारला नाही. घरी नेली."

"का?"

फूटपट्टी थांबला. कारण सांगायचं म्हणजे मला अक्षर येत नव्हतं हे भर कोर्टात सांगायचं. मुलगा बसला होता, कंपनीचा माणूस बसला होता. मला वाटतं, तो तेच मोजत होता.

"त्याचं त्याला ठाऊक," तो म्हणाला.

"त्यानंतर तुम्ही ती पाहिलीत?"

"नाही. वीस वर्षं झाली."

"त्यांनी शपथेवर सांगितलंय की रंधा मारला. तुमचं म्हणणं ते खोटं बोलतायत असं आहे?"

त्याने माझ्याकडे तोंड केलं. त्याला मी धड दिसत नसणार, एवढ्या अंतरावरून त्याला माणूस म्हणजे रंगाचा ठिपका. तरी बरोब्बर माझ्याकडेच.

"मापाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही," तो म्हणाला. "मारला म्हणत असेल तर नंतर कधीतरी मारला असेल."

त्याचा वकील उठला, माझी पुन्हा तपासणी मागू लागला, घराची पाहणी करा म्हणू लागला. फूटपट्टीने हाताने त्याला खाली बसवलं. न्यायाधीशांनी विचारलं, तुमची तशी मागणी आहे का? तो म्हणाला, "नाही साहेब. त्याच्या घरात नका शिरू."

मी तेव्हाच उठायला हवं होतं. बाकापासून कठड्यापर्यंत सहा पावलं होती, मी बसल्या बसल्या मोजली होती. मी उठलो नाही. पुढच्या महिन्यात माल जाणार होता.

माल गेला. त्यानंतर तीन दिवसांनी मी वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. जिना चढताना वाक्य घोकत होतो. तिने मला बघून खुर्ची पुढे केली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अहो काका, तुम्हालाच फोन करणार होते! काल निकाल लागला. दावा फेटाळला. पद्धतीचा मुद्दा कोर्टाने पूर्ण मान्य केलाय, वादीनेच कबूल केली म्हणून."

"काल?"

"तक्त्यात होतं ना. ठरल्या दिवशी." तिने भिंतीकडे बोट केलं.

मी उभाच राहिलो. मग म्हटलं, "बाई, फळी आहे."

तिने उठून दार लावलं. परत येऊन बसली. 

"मी तुम्हाला लाकूडसुद्धा म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"वाचून दाखवू का विचारलं होतं."

"मी वाचलं होतं, बाई. न कळून नाही झालं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, यापुढे मी तुमचं काम बघू शकणार नाही. पण एवढं सांगते. अपील करायला त्यांना साठ दिवस आहेत. नवीन पुरावा द्यायचा तर आधी का दिला नाही याचं कारण लागेल, आणि कारण तुम्ही आहात. हे त्यांनी लिहिलं तर तुमच्यावर खोट्या शपथेचं प्रकरण होऊ शकतं. तरी जायचं असेल तर त्यांच्याकडे जा. माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

घरी आलो. बायकोला म्हटलं, गादी उचल. तिने उचलली. फळी काढताना फक्त म्हणाली, "मला वाटलं होतं, तू पहिल्याच दिवशी काढशील." मग दुसरं टोक धरलं.

फूटपट्टी दुसऱ्या मजल्यावर राहायचा. चादरीत गुंडाळलेली फळी खांद्यावर घेऊन मी चढलो. दार त्यानेच उघडलं. फळीचं टोक आधी आत गेलं, ते त्याने हाताने चाचपलं आणि त्याला कळलं.

"ठेव टेबलावर."

मी नकाशाची बाजू वर ठेवली. त्याने भिंग घेतलं नाही. बोट फिरवलं. पेन्सिलीने दाबलेल्या रेघेची खाच लाकडात राहते, त्या खाचेतून त्याचं बोट गोगलगायीच्या वळशावरून फिरत फिरत मधल्या भोकापर्यंत गेलं. खिशातून पट्टी काढली. भोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लावली, अंगठ्याच्या नखाने खूण धरली, आणि ती पट्टी डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"हललेली नाही," तो म्हणाला. "वीस वर्षं तुम्ही दोघं हिच्यावर झोपलात तरी."

"अपील कर," मी म्हणालो. "ही घे. साठ दिवस आहेत. लिही की मी लपवली."

"काय लिहू? मिस्त्री खोटं बोलला?"

"तेच लिही."

"आणि कोर्टानं विचारलं, सही कोणाची, तर? सही मी शिकवली असं सांगू?" त्याने फळी उलटी केली. अक्षरांवर हात ठेवला, पण फिरवला नाही. "नववं बरं आलं होतं."

"तू एकदा शिव्या दे मला."

"मिस्त्री, दोन नावं मागितली होती मी. त्या दिवशी तू नुसतं 'हो' म्हणायचं होतंस. मग तुझ्या पोरानं माझं नाव खोडलं असतं तरी मला चाललं असतं."

मी फळीच्या कडेवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"तू कोर्टात म्हणालास, रंधा मारला. मी म्हणालो, मारला असेल. दोघांचं माप जुळलं," तो म्हणाला. "आता ही फळीच तेवढी जुळत नाही. घेऊन जा आणि जुळव."

"मला जमणार नाही ते."

"जमेल. तुझा हात साफ आहे."

चादर त्यानेच गुंडाळून दिली. जिन्यात उतरताना वरून त्याचा आवाज आला, "वळणावर सांभाळ, टोक लागेल." त्याने मला चहा विचारला नाही.

साठ दिवस मी मोजले. टपालवाला दिसला की दारात जाऊन उभा राहायचो. आपल्यावर खटला व्हावा म्हणून वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बायको म्हणायची, "त्याला विचारून तरी ये," पण माझे पाय तिकडे वळले नाहीत. नंतर कळलं, तो मुलीकडे राहायला गेला, दुसऱ्या गावी. घर रिकामं केलं.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी फळी वर्कशॉपमध्ये नेली. बाकावर आवळली, नकाशा वर. रंध्याची पाती काढून बघितली, धार होती. मुलगा ऑफिसच्या काचेतून बघत होता, तो बाहेर आला.

"बाबा, नको."

"तूच म्हणाला होतास, रंधा मारतो."

"म्हणालो होतो." त्याने बाकाच्या कडेवर हात ठेवला. "राहू दे ना. कोणाला काय कळतंय आता."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचा राग करता आला नाही, कारण गोल टेबलाशी मी त्याच्याहून तीस वर्षांनी मोठा होतो. माझा हात रंध्यावर होता आणि पुढे जात नव्हता. तो वळसा. अकरा वेळा काढलेला. मी आवळणी सैल केली, फळी उलटी केली आणि अक्षरांच्या बाजूला रंधा मारला. म्हटलं, जायचं तर माझं जाऊ दे. ज्या अक्षरांनी खोटी सही केली ती जाऊ देत.

चार-पाच हात मारले. लाकूड जुनं, वाळलेलं, लांबच लांब छिलके निघाले. चौदाही नावं गेली, करवत गेली, पटाशी गेली. मन हलकं होईल असं वाटलं होतं. मग खाली वाकून छिलके गोळा करताना एका छिलक्यावर पेन्सिलीची अक्षरं दिसली, ठळक, सरळ, एकही पडलेलं नाही. ती माझी नव्हती. सगळ्यात वरची ओळ, जिच्याखाली मी गिरवायला बसलो होतो, ती त्याची होती. नकाशाच्या बाजूला त्याच्या रेघा होत्या, आकडे होते, तारीख होती. त्याचं लिहिलेलं अक्षर त्या एका ओळीतच होतं. मी छिलका सरळ करायला गेलो आणि तो मोडला.

फळी आता वर्कशॉपच्या भिंतीवर आहे, नकाशा दिसेल अशी. एका बाजूचंच लाकूड गेल्यामुळे थोडी वाकली आहे. मुलाने ती लावायला खिळे आणून दिले. गेल्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला होता. तो बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला.

"काय सुंदर वळवलंय हो. तुम्ही काढलंत ना हे?"

मी नाही म्हटलं. कोणी काढलं ते सांगितलं, त्याच्या पूर्ण नावाने, फूटपट्टी न म्हणता.

"पण नोंद तर तुमच्या नावावर आहे."

"नोंद चुकली आहे," मी म्हणालो.

तो हसला, माझ्या हातात हात दिला आणि मुलाकडे वळून म्हणाला, "जुनी माणसं अशीच. सगळं श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळी."